चार मोटरी आणि मंजुळाबाईचा ओटा

नवी मोटर आली की धामणगाव बढ्यातले लोक हार-नारळ घेऊन धावायचे, आणि मंजुळाबाई सुतळी घेऊन जायची. जमिनीपासून टपापर्यंत सुतळी धरायची, टप जिथं येईल तिथं गाठ मारायची आणि सुतळी कमरेला खोचायची. मोटरीचं तोंड त्यानंतर पाहायचं. पाहून झालं की ओठ वाकडा करायचा.

"हं. आणखी एक बिनकामाची."

लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या डोक्यावर काही नसायचं, म्हणून त्यांना हसायला फुरसत होती. मंजुळाबाईच्या डोक्यावर बाजाराच्या दिवशी अर्ध्या मणाचं डालं असायचं. खाली वांगी, मधात भेंडी, वर ओल्या फडक्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथीच्या जुड्या. मळा दीड एकराचा, विहीर एक, आणि विकायचं मलकापूरला. मलकापूरला जायला सकाळची पहिली मोटर. ती चुकली की मेथी माना टाकायची, आणि माना टाकलेल्या मेथीला बाजारात कोणी विचारत नाही.

तिचा नवरा उकंडराव गरीब माणूस होता, म्हणजे स्वभावानं. मोटर सुटायच्या वेळेला तो विहिरीवर मोट हाकत असायचा, कारण ऊन चढायच्या आत पाणी फिरलं पाहिजे. डालं उचलून तिच्या चुंबळीवर ठेवायचं एवढा त्याचा हात. पुढं ती एकटी. मलकापुरात आडत्याचा माणूस टपावर चढून माल खाली घ्यायचा, ते त्याचं कामच होतं. अडायचं ते गावच्या स्टँडावर. डोक्यावरचं डालं टपावर जायला दुसरा हात लागतो, आणि दुसरा हात फुकट मिळत नाही.

हे तिला पहिल्या मोटरीनं शिकवलं. पहिली मोटर लांब नाकाची. नाकात इंजिन, आणि थंडीच्या दिवसांत त्या नाकात दांडा घालून पिळल्याशिवाय ती शिंकायची नाही. महाराष्ट्र व्हायच्या आधीपासून ती त्या रस्त्यावर होती. तिच्यावर एक क्लीनर होता. डाल्याला हात लावायचे तो चार वांगी घ्यायचा. मंजुळाबाई द्यायची. एकदा त्यातलं एक वांगं किडकं निघालं. क्लीनरनं ते सगळ्यांदेखत तिच्या पायाशी टाकलं.

"बाई, तुह्या हाताले किंमत नसन. माह्या हाताले आहे."

मंजुळाबाई डोक्यावरचं डालं तसंच घेऊन वळली आणि घरोघर फिरून जे येईल त्या भावात भाजी विकून आली. रात्री उकंडरावाला एवढंच म्हणाली, "मी मरेन तवा खांदा द्यायले चार लोकं लागतील, तेवढे लागू द्या. त्याच्या आधी कोणाचा हात नको."

दुसऱ्या दिवसापासून मळ्याहून येताना तिच्या डोक्यावर रिकाम्या डाल्यात नाल्यातला एक दगड असायचा. रोज एक, कधी दोन. महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात तिचा ओटा झाला. स्टँडावर मोटर जिथं उभी राहायची तिथंच, छातीइतका उंच, मागून चार पायऱ्या. डोक्यावरचं डालं न उतरवता पायऱ्या चढायच्या. ओट्यावर उभं राहिलं की मोटरीचा टप तिच्या कपाळाशी यायचा. मान थोडी कलती केली की डालं चुंबळीवरून सरकून टपावर. ना उचलायचं, ना वाकायचं, ना कोणाला काका-मामा म्हणायचं. क्लीनर तोंड पाहत राहिला. मंजुळाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि वांगी मोजून घरची घरी राहिली.

आळीतल्या बाया आधी हसल्या, मग त्याच ओट्यावरून चढायला लागल्या. तिनं कोणाला नाही म्हटलं नाही. फक्त पावसाळ्याच्या आधी प्रत्येकीकडून एक पाटी माती घ्यायची, सांधे भरायला.

तीनेक वर्षांनी दुसरी मोटर आली. नाक गेलेलं, तोंड सपाट. गावात कौतुकाला पूर आला. ड्रायव्हर शंकरराव खाली उतरून मिशीवरून हात फिरवत होता, जसं काही त्यानंच ती जन्माला घातली. हा शंकरराव लोणारकडच्या सुलतानपूरचा. बोलणं थोडं मराठवाड्याच्या वळणाचं. पुढं या रस्त्यावर त्यानं जन्म काढला.

"कशी आहे गाडी, बाई?"

"नाक कापलेली लोकं तोंड लपवतात," मंजुळाबाई सुतळीला गाठ मारत म्हणाली. "तुम्ही तर मिशा पिळून राह्यले."

"नाक आत घेतलंय तिचं. इंजिन माझ्या मांडीशी आलंय. जागा वाढली, माणसं जास्ती बसतात."

"अन् टप हातभर वर काऊन गेला?"

टप वर गेला तो गेला. मंजुळाबाईनं पुन्हा दोन महिने दगड वाहिले, ओट्यावर एक थर चढवला, मागं एक पायरी वाढवली. दगडागणिक ती त्या मोटर बनवणाऱ्याला ओळख नसताना नावं ठेवत होती. ज्यानं कधी शेरभर ओझं डोक्यावर घेतलं नाही, त्याला टपाची उंची कोणी ठरवू दिली, हा तिचा सवाल होता. तो सवाल आजही कोणी सोडवलेला नाही.

तिसरी मोटर आली तिला नाक नव्हतं ते नव्हतंच, वर टपावरचा सामानाचा कठडा अर्धाच. पुढचा टप गुळगुळीत, मागचा तेवढा सामानाला. मागचं दार पुढं आणलेलं. म्हणजे मोटर नेहमीच्या जागी थांबली की ओट्यासमोर गुळगुळीत टप. पहिल्या दिवशी शेजारच्या मळ्यातल्या विमलबाईचं डालं त्या गुळगुळीत टपावरून पलीकडं गेलं. साऱ्या स्टँडावर भेदरं सांडली, टमाट्यांचा लाल चिखल झाला. विमलबाई रडायला लागली.

मंजुळाबाई शंकररावाच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"मोटर आठ हात पुढं घ्या."

"स्टँड इथं आहे, बाई. पाटी इथं लागलीय."

"पाटी बिनडोक आहे. तुम्हाले तर आहे ना डोकं?"

शंकररावानं मोटर आठ हात पुढं घेतली. तेव्हापासून रोज घ्यायचा. ओट्यापासून वीतभर अंतर ठेवून तो मोटर अशी लावायचा की मध्ये मांजर शिरू नये. त्याबद्दल तिनं त्याला कधी बरं म्हटलं नाही. फक्त बाजाराच्या दिवशी त्याच्या खिडकीत चार कोवळी वांगी ठेवलेली असायची. मागितलेली चार आणि दिलेली चार यांच्यात फरक असतो, तो ज्याला कळतो त्याला कळतो.

अशी तीन मोटरींची वर्षं गेली. मोठा दुष्काळ येऊन गेला. विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन आलं, उकंडरावाला दम लागायला लागला. मंजुळाबाईचे पुढचे दोन दात पडले. बाकी होतं तिथं होतं, आणि ओटाही.

आणि मग रंगराव सरपंच नागपूरला जाऊन आला.

काही मेळावा होता म्हणतात. तिथं तो शहरातल्या मोटरीत बसला. दोन दारं, मोठाल्या काचा, धरायला चकचकीत दांड्या. आल्यापासून त्याला दुसरं सुचेना. गावाच्या मोटरीला शिडी आहे, टपावर गवताचे भारे जातात, याची त्याला लाज वाटायला लागली. चावडीत बसून सांगायचा, "आपलं गाव काय लहान आहे? शहरात चालते तशी मोटर आपल्याले पाह्यजे. अर्ज करू." अर्ज लिहिला. साऱ्या मळेवाल्या आळीनं सह्या केल्या, अंगठे दिले. काय मागतोय हे कोणी विचारलं नाही. शहरातलं आहे म्हणजे चांगलंच असणार.

अर्ज घेऊन रंगराव मंजुळाबाईच्या दारात आला तेव्हा सोबत तिचा पुतण्या निवृत्ती होता. तो अकोल्याला मोटरीच्या कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीवर आला होता. त्यानं काकूला समजवायला एका मासिकातलं पान आणलं होतं. पानावर जपानातल्या मोटरी. एकीखाली एक.

"पाह्य काकू. हे जपानवाले. एकच शहरातली मोटर, वीस-पंचवीस वर्षं सुधारत आणली त्यायनं. ही पहिली, नाकाची. ही सपाट तोंडाची. इथं दारं दोन झाली, एकातून चढा, दुसऱ्यातून उतरा. इथं पायरी खाली आली. अन् ह्या शेवटच्या मोटरीत कंडक्टरच नाही. ड्रायव्हरजवळ पेटी, तिच्यात पैसे टाकायचे."

मंजुळाबाईनं पान डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं.

"कंडक्टर खाल्ला की काय त्यायनं?"

"लागत नाही काकू."

"अन् टपाची शिडी?"

"तिकडं टपावर सामान ठेवत नाहीत."

"मंग बाया बाजारात काय नेतात बे? नशीब?"

निवृत्ती हसला. "शहरातली मोटर आहे ते. लोकं हापिसात जातात. बसायले जागा कमी, उभं राहायले जास्त. लोकं उभ्यानंच जातात."

"पंचवीस वर्षं घासली," मंजुळाबाई पान परत देत म्हणाली, "अन् घासून घासून डाल्याची जागाच पुसून टाकली. हुशार लोकं." रंगरावाकडं वळून म्हणाली, "सरपंच, हे टोपली नसलेल्यांची मोटर आहे. तुम्ही टोपलीवाल्यांच्या गावाले मागून राह्यले. माह्या अंगठ्याले डाल्याची कडा धरायचं काम आहे. अर्जाले देत नाही."

"वैनी, तुमच्या एका अंगठ्यावाचून मोटर अडणार नाही."

"नाही ना? मंग कशाले विचारता."

मोटर खरंच अडली नाही. वरच्या ऑफिसात कोणाला काय वाटलं देव जाणे, पण एक शहरी मोटर काही दिवस चालवून पाहायचं ठरलं. रंगरावाचे पाय जमिनीला लागेनात. स्वागताची कमान उभारायची ठरली, आणि कमानीच्या मधोमध ओटा यायला लागला. कोणाला विचारायचं? पंचायतीच्या जागेत बाईनं लावलेले दगड. मंजुळाबाई मळ्यात होती तोवर दुपारी माणसं लावून रंगरावानं ओटा काढला. संध्याकाळी ती स्टँडावरून आली तेव्हा तिथं सपाट जमीन, वर सडा, आणि सड्यावर रांगोळी.

घरी जाऊन ती उकंडरावाला म्हणाली, "उद्या डालं थोडं कमी भरा."

"काऊन? जायची का तू? ओटा नाही, टप नाही म्हणतात मोटरीले."

"जायची."

चौथी मोटर आली ती खरोखर देखणी होती. मंजुळाबाईनंसुद्धा सुतळी बाहेर काढली नाही, कारण गाठ मारायला तिच्यावर काही नव्हतंच. टप पाठ करून झोपलेल्या म्हशीसारखा गोल. आळीतल्या सहा-सात बाया डाली डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि टपाकडं पाहत होत्या. अंगठे दिलेल्या बाया. आता त्यांच्या लक्षात आलं.

नवा कंडक्टर दारात उभा राहून सांगत होता, "सामान खाली ठेवायचं नाही. सीटवर ठेवायचं नाही. तसा हुकूमच आहे."

रंगरावानं नारळ फोडला, हार घालून घेतला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला. मागोमाग चार पंच. बाया जिथल्या तिथं.

मंजुळाबाई पुढं झाली. पायरी खरंच खाली होती, जपानवाल्यांनी केली तशी. ठेंगणी बाई, डोक्यावर डालं, तशीच आत चढली. वरचं छत आणि सांबाराच्या जुड्या यांच्यात चार बोटं उरली. रंगरावाच्या बाकाशेजारी जाऊन तिनं चकचकीत दांडी धरली.

"ओ मावशी," कंडक्टर म्हणाला, "सामान नाही चालत."

"कुठं ठेवलं मी सामान?"

"डोक्यावर आहे ना."

"डोकं माह्यं आहे. खाली ठेवलं तर म्हण. बाकावर ठेवलं तर म्हण. ही मोटर उभ्यानं जायची आहे ना? उभी आहे. तिकीट दे, मलकापूर."

कंडक्टरनं शंकररावाकडं पाहिलं. शंकरराव आरशात मिशी नीट करत होता. "तिकीट द्या," तो म्हणाला. "हुकमात डोक्याचं काही लिहिलेलं नाही."

मोटर निघाली. मलकापूरपर्यंत रस्ता कसा होता ते त्या काळच्या माणसाला सांगायला नको. शंकररावानं त्या दिवशी एक खड्डा तिच्या अंगावर येऊ दिला नाही. जणू मोटरीत तिच्याशिवाय कोणी नव्हतंच. तरी नाल्याच्या उतारावर गचका बसायचा तो बसलाच, आणि ओल्या फडक्यातलं पाणी सरपंचाच्या नव्या टोपीवर पडलं. मग पुन्हा पडलं. रंगराव सरकायला गेला तर खिडकी होती.

"वैनी, जरा तिकडं व्हा ना."

"तिकडं पंच आहेत. त्यायच्या टोप्या जुन्या आहेत."

तासभर ती उभी होती. मान हलली नाही. मलकापूरच्या स्टँडावर उतरली तेव्हा आडत्याचा माणूस टपावर चढायला जागा शोधत मोटरीभोवती दोनदा फिरला. मग त्यानं तिच्या डोक्यावरून डालं घेतलं. डालं उतरल्यावर मात्र ती खांब धरून बराच वेळ उभी राहिली. मान वळवायला तिला दुसऱ्या दिवशीपर्यंत वेळ लागला. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. उकंडरावानं रात्री तेल चोळलं, म्हणून त्याला कळलं.

पुढच्या बाजाराला विमलबाई डोक्यावर डालं घेऊन चढली. तिच्यामागं बाकीच्या. सात बाया, सात डाली, सगळ्या उभ्या. पंचांना दारातून आत शिरता येईना. काचांना मेथीची पानं चिकटली, दांड्यांना माती लागली, आणि हुकमात कुठं काही बसेना. पंधरा दिवस असं चाललं. मग ती मोटर आली तशी गेली. तिसरी, अर्ध्या कठड्याची, शिडीवाली, पुन्हा रस्त्यावर आली. हार कोणी आणला नाही.

त्या सकाळी कमान अजून उभी होती, झेंडूची फुलं वाळून काळी पडलेली. ओट्याची जागा सपाट. रंगराव तिथं हजर होता. लोक पाहतात म्हणून असेल, पण तो पुढं आला आणि म्हणाला, "वैनी, द्या. मी हात लावतो. टपावर चढवून देतो."

सरपंचाचा हात. त्या क्लीनरपेक्षा मोठा, आणि वांगंही न मागणारा.

मंजुळाबाईनं डोक्यावरच्या डाल्याखालून त्याच्याकडं पाहिलं.

"हात राहू द्या. दगड कुठं टाकले ते सांगा."

रंगरावाचे डोळे घराकडं गेले, आणि त्यांच्यामागं सगळ्यांचे गेले. स्टँडापासून पन्नास पावलांवर, रस्त्याला लागूनच, सरपंचाचं घर. उंच जोतं. आणि जोत्याला नव्या कोऱ्या पायऱ्या, पाच. नाल्यातल्या काळ्या दगडाच्या. मंजुळाबाईनं एकेक दगड डोक्यावर वाहिलेला. तिला त्यांची ओळख पटायला जवळ जायची गरज नव्हती.

"शंकरराव," ती म्हणाली, "मोटर जरा पुढं घ्या."

"आठ हात?"

"पन्नास पावलं."

शंकररावानं मोटर सुरू केली आणि सरपंचाच्या दारासमोर, जोत्यापासून वीतभर अंतरावर, आणून लावली. मध्ये मांजर शिरू नये अशी. मंजुळाबाई आपल्या पायऱ्या चढली. दगड तेच, उंची तीच. जोत्यावर उभी राहिली, मान कलती केली, डालं टपावर गेलं. मागून विमलबाई, मागून बाकीच्या. रंगरावाची बायको अन्नपूर्णाबाई चूल सोडून बाहेर आली तर ओसरीत सात बाया आणि दाराच्या तोंडाशी मोटरीचा धूर.

"हे काय माय?"

"तुमच्याकडं चांगली सोय झाली, अन्नपूर्णाबाई," मंजुळाबाई म्हणाली. "सरपंचायनं गावासाठी केली म्हणतात."

आठ दिवस पहिली मोटर सरपंचाच्या दारातून सुटली. भाजीच्या पाण्यानं ओसरीचं सारवण गेलं, धुरानं पांढरा पडदा काळा झाला, आणि शंकरराव रोज पहाटे दारातच दोनदा भोंगा वाजवायचा, हुकूमच आहे म्हणून. नवव्या दिवशी अन्नपूर्णाबाईनं नवऱ्याला काय सांगितलं ते गावाला ऐकू आलं नाही. पण दुपारी सरपंचाची बैलगाडी दगड भरून स्टँडावर आली, आणि मागं रंगराव पायी.

मंजुळाबाईनं दगड मोजले. दोन कमी होते. रंगराव जाऊन तेही घेऊन आला. या वेळी डोक्यावर, कारण गाडी परत गेली होती.

"आता बरोबर," ती म्हणाली, आणि बैलगाडी गेली तिकडं पाहून म्हणाली, "ही गाडी मात्र माह्या लग्नापासून पाहते. हिचं कोणी काही सुधारलं नाही, म्हणून कामाची आहे."

ओटा तिनं स्वतः लावला. वय झालं होतं, चार दिवस लागले. मातीनं सगळे सांधे भरले, फक्त सगळ्यात वरचा थर तसाच कोरडा ठेवला. पुन्हा सुट्टीवर आलेल्या निवृत्तीनं विचारलं, "काकू, वरचा थर पक्का नाही केला?"

ती कमरेची सुतळी सोडत होती. तीन गाठी होत्या तिच्यावर.

"कशाले? अजून जित्ते आहेत ना मोटरी बनवणारे."

आणि तिनं सुतळी ओट्याच्या सांध्यात खोचून ठेवली, हाताशी.